मिस रॉबर्ट्सची बाजू

हिंदी चित्रपटाविषयी आपल्या समाजाची एक जुनी तक्रार आहे. पडद्यावर वाईट चालीची बाई दाखवायची झाली, की तिचे नाव हमखास रोझी, लिली किंवा मोनिका असते. तिच्या अंगात फ्रॉक असतो, हातात पेला असतो आणि पुष्कळदा गळ्यात क्रूसही असतो. नायिका साडी नेसते, देवापुढे दिवा लावते आणि अश्रू ढाळते. ही मात्र मोठ्याने हसते, सिगारेट ओढते आणि क्लबात नाचते. ही तक्रार रास्त आहे आणि ती करणाऱ्यांनी ती सोडू नये.

तरीही ती अर्धीच आहे, असे मला वाटते. त्या बाईला आपले नाव दिले याचा आपल्याला राग आला. पण तिला वाईट कशामुळे ठरवले, हे आपण क्वचितच विचारले. ती नोकरी करते, पगार घेते, परक्या पुरुषाशी नजर न झुकवता बोलते; तिला काहीतरी हवे असते आणि ते मिळवण्यासाठी ती स्वतः हालचाल करते. या आरोपपत्रातली निम्मी कलमे आपल्या मावश्या-आत्यांनाही लागू पडली असती. टंकलेखिका, परिचारिका, शिक्षिका, टेलिफोन ऑपरेटर अशा नोकऱ्यांसाठी ज्या स्त्रिया या देशात प्रथम घराबाहेर पडल्या, त्यांत आपल्या समाजातल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. त्यांच्या कष्टाच्या पोशाखाला पडद्याने पापाचा पोशाख ठरवले. आपण नावावर आक्षेप घेतला आणि घरी येऊन मुलींना सांगितले, ‘जरा जपून वागा.’

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे, आणि तो एका चाहत्याच्या बाजूने लिहिलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे. हॉकी, स्त्रियांची कुस्ती आणि पडद्यावरच्या खलनायिका या माझ्या तीन जुन्या आवडी. जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजाऱ्यांना यांतली पहिली समजते, दुसरी चालते, तिसरी मात्र खटकते. नेमाने मिस्साला जाणाऱ्या माणसाने दुष्ट बायकांचे कौतुक का करावे, असा त्यांचा प्रश्न असतो. मला या तिन्ही आवडी एकाच मुळाच्या वाटतात. तिन्ही ठिकाणी जी स्त्री समोर येते तिला जिंकायचे असते आणि हे ती लपवत नाही. आपल्या प्रवचनांत, कथांत, चित्रपटांत स्त्रीच्या सोसण्याचे वर्णन करायला शब्दांचा तोटा पडत नाही. तिच्या जिंकू पाहण्याला मात्र एकच शब्द तयार असतो आणि तो चांगला नसतो.

सोलापूरची शशिकला

या विषयाला हात घालायचा तर सोलापूरकराने सुरुवात घरापासूनच केली पाहिजे. हिंदी पडद्यावरच्या खलनायिकांत जिचे नाव अग्रभागी घेतले जाते ती शशिकला आमच्या सोलापूरची. जवळकर हे तिचे माहेरचे नाव. जन्म १९३२ चा. वडिलांचा कापडाचा व्यापार बुडाला आणि कुटुंब मुंबईला गेले. लहानपणी सोलापूर परिसरात नाचगाण्याचे कार्यक्रम केलेली ही मुलगी मुंबईत कामासाठी स्टुडिओंचे उंबरठे झिजवू लागली. नूरजहाँच्या ओळखीने ‘झीनत’ (१९४५) मधल्या गाजलेल्या कव्वालीत तिला उभे राहायला मिळाले. पुढची पंधरा वर्षे लहानमोठ्या भूमिकांत गेली. ‘आरती’ (१९६२) मधल्या कुरापतखोर जावेच्या भूमिकेने तिला फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळवून दिले. पाठोपाठ ‘गुमराह’ (१९६३) साठी तेच पारितोषिक पुन्हा मिळाले. त्यानंतर ‘शशिकला’ हे नाव श्रेयनामावलीत दिसले, की प्रेक्षक घरात भांडण लागण्याची वाट पाहू लागला.

‘गुमराह’ हा बी. आर. चोप्रांचा चित्रपट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्याची कथा थोडक्यात सांगतो. मीनाचे (माला सिन्हा) एका कलावंतावर, राजेंद्रवर (सुनील दत्त), प्रेम असते. तिची थोरली बहीण अपघाती मरण पावते आणि बहिणीच्या लेकरांसाठी मीना मेहुण्याशी, म्हणजे बॅरिस्टर अशोकशी (अशोककुमार), लग्न करते. राजेंद्र पुन्हा आयुष्यात येतो आणि ती त्याला चोरून भेटू लागते. इथे लीला नावाची बाई प्रवेश करते. आपण राजेंद्रची बायको आहोत असे सांगून ती मीनाला धमकावू लागते, तिच्याकडून पैसा उकळू लागते. मीनाची झोप उडते. प्रेक्षकाचे रक्त तापते. शेवटी उलगडा होतो, की लीला ही कोणाची बायको नसून अशोकच्या कार्यालयातली सेक्रेटरी आहे. तिचे खरे नाव मिस रॉबर्ट्स. पत्नीला ताळ्यावर आणण्यासाठी खुद्द पतीनेच हा सारा बनाव रचलेला असतो.

हा शेवट पाहून प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो आणि अशोकच्या संयमाचे कौतुक करीत घरी जातो. मला मात्र तिथेच चित्रपटाचा खरा प्रश्न सुरू होतो असे वाटते. जिला आपण इतका वेळ खलनायिका समजत होतो, ती आपले काम करीत होती. मालकाने सांगितले तसे बोलली, सांगितले तशी वागली आणि काम संपल्यावर बाजूला झाली. एका घाबरलेल्या बाईला छळण्याची कल्पना अशोकची. ती अमलात आणताना दिसली मिस रॉबर्ट्स. छळ नवऱ्याचा, बदनामी सेक्रेटरीची, आणि नवरा मात्र क्षमाशील ठरला. तिला ‘मिस रॉबर्ट्स’ हे नाव देऊन कथाकाराने आपले काम सोपे केले. ते नाव ऐकताच प्रेक्षकाला वाटते, अशी कामे करायला अशीच बाई मिळणार. ती सुलोचना किंवा सावित्री असती, तर या कामाला ती तयार कशी झाली, तिला नकार देता आला नसता का, तिची नोकरी पणाला लागली होती का, असे प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आले असते.

शशिकलाच्या अभिनयाची खरी गंमत अशी, की तिने ही बाई पटकथेने मागितली त्याहून मोठी केली. तिचा धमकावण्याचा मार्ग लाडीगोडीचा आहे. दुसऱ्याच्या घरात ती पाहुणीसारखी वावरते, डोळे लकाकवीत बोलते आणि समोरचीला बोलायला अवकाश ठेवत नाही. मीना सतत काहीतरी लपवीत असते. लीलेला काही लपवायचे आहे असे शेवटच्या रिळापर्यंत वाटतच नाही. पडद्यावर दोघी एकत्र आल्या, की आपली सहानुभूती एकीकडे आणि नजर दुसरीकडे अशी अवस्था होते. नायिकेच्या वाट्याला आलेल्या कथेत निर्णय घ्यायला जागाच नव्हती. निर्णय घेणारी, डाव टाकणारी, समोरच्याचा डाव ओळखणारी स्त्री या चित्रपटात एकच होती, आणि ती पगारी होती.

दोनच घरे

शशिकलाच्या शेजारी दुसरे एक मराठी नाव ठेवल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. येवल्यात १९१६ मध्ये जन्मलेल्या ललिता पवार यांनी मूकपटांच्या काळात नायिकेची कामे केली. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा अधू झाला आणि नायिकापद संपले. त्या अधू डोळ्याच्या आधाराने त्यांनी पडद्यावरची खाष्ट सासू घडवली. दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेतली मंथराही त्यांनीच केली. दोन पिढ्यांतल्या सुनांनी त्यांना मनोमन शिव्या दिल्या असतील.

त्याच ललिताबाईंनी ‘अनाडी’ (१९५९) मध्ये मिसेस डिसा केली. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटातली मिसेस डिसा आपल्यापैकी प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिलेली बाई आहे. ती एकटी, कष्टाळू, फटकळ घरमालकीण आहे. भाड्याने राहणाऱ्या तरुणावर ती खेकसते आणि त्याच्या पोटात घास गेला की नाही याची काळजीही तीच करते. एका श्रीमंताच्या कारखान्यातल्या सदोष औषधाने ती मरते आणि चित्रपटातला खरा दोष तिच्या मरणाने उघडा पडतो. या भूमिकेसाठी ललिताबाईंना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ज्या प्रेक्षकाने त्यांच्या सासूवर दात-ओठ खाल्ले, तोच मिसेस डिसासाठी रडला.

दोन्ही भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. आवाजाची धार तीच, कमरेवरचा हात तोच, समोरच्याला गप्प करण्याची ताकद तीच. मिसेस डिसाच्या अंगात तर पडद्याने बदनाम केलेला तोच फ्रॉक आहे. बदल एवढाच, की इथे ती ताकद दुसऱ्याच्या लेकरासाठी खर्च होते. म्हणजे कणखरपणा मुळात वाईट नव्हता. तो कोणासाठी वापरला यावर त्याचे मोल ठरले. इथवर सारे योग्य आहे. पण हिंदी पडद्याने स्त्रीच्या कणखरपणाला फार काळ दोनच घरे दिली: एक आईचे, दुसरे खलनायिकेचे. ती दुसऱ्यासाठी लढली तर माउली, स्वतःसाठी लढली तर कैदाशीण. स्वतःसाठी लढावे, जिंकावे आणि तरीही भली राहावे, असे तिसरे घर तिला सहसा मिळाले नाही. ते घर मला पडद्याबाहेर, आखाड्यात आणि मैदानावर सापडले.

तिसरे घर

सोलापूर जिल्हा लाल मातीचा भक्त आहे. जत्रा भरली, की गावोगाव कुस्त्यांचा फड लागतो, हलगी कडाडते आणि माणसे तहानभूक विसरून निकाली कुस्तीची वाट पाहतात. या साऱ्या सोहळ्यात बाईला जागा नव्हती. तालमीचा उंबरा तिने ओलांडायचा नाही, असा दंडकच होता.

तो दंडक मोडणारी अलीगढची हमीदा बानू १९५० च्या दशकात महाराष्ट्रातही येऊन गेली. ‘मला हरवील त्याच्याशी लग्न करीन’ असे आव्हान देऊन ती पुरुष मल्लांशी लढत असे. १९५४ मध्ये बडोद्यात बाबा पहिलवानाशी झालेली तिची कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत संपली आणि लग्नाचा प्रश्न तिथेच मिटला. कोल्हापुरात मात्र तिने सोमासिंग पंजाबी या मल्लाला हरवले, तेव्हा लोकांनी तिची हुर्यो उडवली आणि तिच्यावर दगड फेकले. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या गावातला हा प्रसंग विचार करण्यासारखा आहे. ती हरली असती तर लोक हसून घरी गेले असते. जिंकली, म्हणून ती त्यांच्या लेखी लीला झाली, मिस रॉबर्ट्स झाली.

पुरुषांच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची सुरुवात १९६१ ची. स्त्रियांना त्या नावाची गदा पाहायला २०२३ उजाडावे लागले. त्या वर्षी सांगलीत भरलेली स्पर्धा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती २००४ मध्ये आली आणि साक्षी मलिकने २०१६ मध्ये भारताला त्या प्रकारातले पहिले पदक मिळवून दिले. त्याच साक्षीने व तिच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून दिल्लीत धरणे धरले. तेव्हा काल हार घालणाऱ्यांतले काही जण त्यांना मतलबी आणि राजकारणी म्हणू लागले. डिसेंबर २०२३ मध्ये साक्षीने पत्रकारांसमोर आपले बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. पदक आणणारी मुलगी आणि तक्रार करणारी मुलगी एकच होती. पहिली आपल्याला हवी होती, दुसरी नको होती.

चाहत्याला या खेळात काय सापडते, असे कोणी विचारील. मला सापडतो प्रामाणिक प्रतिस्पर्धी. खडाखडी सुरू होते, एक पट काढायला झेपावते, दुसरी निसटून पाठीवर जाते. सहा मिनिटांच्या त्या झुंजीत दोघींना एकमेकींची खरी ताकद कळते. कुस्ती संपते आणि हात मिळवले जातात. समोरची वैरीण नसते. ती नसती तर आपल्याला आपले बळ कळलेच नसते. सिनेमात नायिका आणि खलनायिका यांच्यात असा हात कधी मिळवला जात नाही.

हे सारे आपल्या श्रद्धेला परके आहे, असे मानण्याचे कारण नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रात्रभर अनोळखी पुरुषाशी झोंबी घेतो, हे आपण जाणतो. त्याच पुस्तकात त्याआधी राहेल आपल्या बहिणीशी झालेल्या झुंजीची आठवण म्हणून मुलाचे नाव नफताली ठेवते, हे सहसा कोणी सांगत नाही. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे रक्तसाक्षी झालेली संत पर्पेतुआ हिने तुरुंगात एक दर्शन पाहिले आणि लिहून ठेवले. त्यात ती रिंगणात उतरते, एका धिप्पाड इजिप्शियन मल्लाशी झुंजते आणि त्याला लोळवून हिरवी फांदी बक्षीस मिळवते. त्या झुंजीत आपण पुरुष झालो होतो, असे ती सांगते. स्त्रीदेहाने कुस्ती जिंकता येते, ही कल्पना त्या काळच्या स्वप्नालाही पेलली नसावी. पण झुंज तिची आहे आणि विजयही तिचाच आहे. ७ मार्चला आपण तिचा सण पाळतो आणि मिस्साच्या प्राचीन रोमी प्रार्थनेत तिचे नाव घेतो. सोसणारी संत म्हणून आपण तिला ओळखतो. मरणाच्या आदल्या रात्री तिने स्वतःला कुस्तीगीर म्हणून पाहिले होते.

हॉकी आणि बिंदिया नाईक

हॉकी तर आपल्या समाजाचा जिव्हाळ्याचा खेळ. मुंबई-पुण्याच्या धर्मग्रामांतून आणि आपल्या शाळांच्या मैदानांवरून किती खेळाडू घडले याची मोजदाद अवघड आहे. स्त्रियांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथम १९८० मध्ये, मॉस्कोत खेळली गेली. रूपा सैनीच्या नेतृत्वाखाली गेलेल्या त्या भारतीय संघात एलिझा नेल्सन, लॉरेन फर्नांडिस, सेल्मा डिसिल्वा, मार्गारेट टोस्कानो ही नावे होती. संघ चौथा आला. पुन्हा ती पायरी गाठायला एकेचाळीस वर्षे लागली. राणी रामपालचा संघ २०२१ मध्ये टोकियोत चौथा आला.

या कथेतले सर्वांत बोलके वर्ष १९८२ आहे. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून ७–१ असा हरला. त्या पराभवावर किती लिहिले गेले, किती अश्रू ढाळले गेले! त्याच स्पर्धेत स्त्रियांची हॉकी प्रथमच समाविष्ट झाली होती आणि भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्यांची कर्णधार पुण्याची एलिझा नेल्सन. पुढच्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली. आज आपल्या तरुणांना विचारून पाहावे. सात गोल अनेकांना ठाऊक असतात. ते सुवर्णपदक फारच थोड्यांना.

‘चक दे! इंडिया’ (२००७) हा चित्रपट मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयीची माझी तक्रारही मनापासूनची आहे. शिमित अमीन यांचे दिग्दर्शन व जयदीप साहनी यांचे लेखन असलेला हा चित्रपट स्त्रियांच्या हॉकीवरचा आहे असे आपण म्हणतो. पण त्याचे दुःख पुरुषाच्या हॉकीतून घेतलेले आहे. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक हुकवून देशद्रोही ठरलेला कबीर खान मुलींचा संघ घडवतो आणि त्यांच्या विश्वविजयाने त्याचा कलंक धुतला जातो. मुली जिंकतात, सुटका त्याची होते. १९८२ मध्ये त्याच राजधानीत जिंकलेल्या मुली कथेसाठी हाताशी असताना, पडद्याला हरलेल्या पुरुषाचे शल्य अधिक मोलाचे वाटले.

तरीही या चित्रपटाने एक मोठे काम केले. ईशान्येकडच्या मॉली झिमिक आणि मेरी राल्टे यांना आपल्याच देशात परक्यासारखी वागणूक मिळते, हे त्याने न चुकवता दाखवले. झारखंडच्या मुलींनाही संघात जागा दिली. छोटानागपूरच्या ज्या मिशन भागात लेकरे बांबूच्या काठीने हॉकी शिकतात, त्याच भागातल्या सिमडेगाची सलिमा टेटे २०२४ मध्ये भारताची कर्णधार झाली, ही गोष्ट त्या पात्रांना पुढे मिळालेली दादच म्हणायची.

आणि त्याने बिंदिया नाईक दिली. शिल्पा शुक्लाने साकारलेली महाराष्ट्राची ही खेळाडू संघात सर्वांत अनुभवी. कर्णधारपद आपलेच असे ती धरून चालते. ते विद्या शर्माला मिळते आणि बिंदिया बिथरते. मुलींना फितवते, प्रशिक्षकाविरुद्ध अर्ज लिहवून घेते, बाकावर बसून जळते. जुन्या चित्रपटात अशा बाईचा शेवट ठरलेला असे: तिने जिन्यावरून पडावे किंवा नायकाला लागणारी गोळी झेलावी. इथे तसे होत नाही. कोरियाविरुद्धच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या माणसागणिक पहाऱ्याने संघाची कोंडी होते, तेव्हा ती फोडायला कबीर खान बिंदियाकडेच येतो. तिने तोवर बदललेले नसते. ज्या चतुराईने ती संघात फूट पाडीत होती, त्याच चतुराईने ती आता शत्रूची फळी फोडते. कोणी तिला रडून क्षमा मागायला लावीत नाही. तिला मैदानावर पाठवले जाते.

लीला ते बिंदिया या चव्वेचाळीस वर्षांच्या प्रवासात हिंदी पडदा एवढे पुढे आला. खलनायिकेचे तेज वाया न घालवता त्याला योग्य जागी लावता येते, हे त्याला उमगले. शशिकलाच्या वाट्याला अशी बिंदिया आली असती तर काय झाले असते, असा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. ‘दंगल’ (२०१६) मध्येही मुली लढतात आणि छान लढतात. पण तिथे दुष्टपणा एका पुरुष प्रशिक्षकाकडे सोपवला आहे आणि समोरच्या कुस्तीगीर स्त्रियांना चेहरा असला तरी मन नाही. बिंदियाला मन आहे, म्हणून ती लक्षात राहते.

एक आक्षेप

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. खलनायिका ही शेवटी पाप करणारी स्त्री आहे. तिच्या धिटाईचे कौतुक करता करता आपण तिच्या पापाचे कौतुक करू लागणार नाही का? घरात वाढत्या मुली असताना हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

उत्तर संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणुकीत सापडते. वाईटाला स्वतःचे असे अस्तित्व नाही. जे चांगले असायला हवे होते त्यातली उणीव म्हणजे वाईट. त्या न्यायाने खलनायिकेच्या ठायी काही चांगले आहेच: बुद्धी आहे, निश्चय आहे, न डगमगण्याची ताकद आहे. उणीव आहे ती न्यायाची. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार प्रमुख सद्गुणांपैकी धैर्य तिच्याकडे भरपूर असते. आपण तिचा धिक्कार करताना उणिवेबरोबर धैर्यही फेकून देतो आणि मुलींना फक्त संयम शिकवतो. चारांपैकी एकाच गुणावर वाढवलेली मुलगी सद्गुणी होत नाही. ती फक्त भित्री होते.

पवित्र शास्त्र याबाबत आपल्यापेक्षा मोकळे आहे. ज्युडिथ नटूनथटून शत्रूच्या छावणीत जाते, होलोफर्नेसला गोड बोलून गाफील करते आणि त्याचे मुंडके कापून आणते. हीच कथा पडद्यावर आली तर पहिले दोन प्रसंग खलनायिकेचेच वाटतील. दुसरीकडे ईजबेल राणी दुष्ट आहे, याविषयी शास्त्राला शंका नाही; तरीही मारेकरी दारात आला असता ती डोळ्यांत काजळ घालून, केस सावरून खिडकीत उभी राहिली, हा तपशील राजांच्या दुसऱ्या ग्रंथकाराने गाळला नाही. दुष्टाचेही तेज प्रामाणिकपणे नोंदवावे, ही लेखकाची नीती त्याच्याकडून शिकण्यासारखी आहे.

शशिकला आणि मग्दालिया मरिया

शशिकलाच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या लोकांना विशेष आवडतो. रुपेरी दुनियेपासून दूर जाऊन तिने काही वर्षे कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेत रुग्णांची व निराधारांची सेवा केली. पुढे ती परतली आणि चित्रपट व मालिकांत आजीच्या भूमिका करू लागली. २००७ मध्ये तिला पद्मश्री मिळाली आणि ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत तिचे निधन झाले. ही कथा बहुधा अशी सांगितली जाते: पडद्यावर पापे केलेली बाई शेवटी संतिणीच्या पायाशी गेली आणि शुद्ध झाली.

ही मांडणी मला मान्य नाही. तिच्या भूमिका म्हणजे पापे नव्हती. ते तिचे काम होते, जसे ते मिस रॉबर्ट्सचे होते. ज्याचे प्रायश्चित्त घ्यावे असे त्यात काही नव्हते. आजाऱ्याचे अंग पुसायला, मरणाऱ्याजवळ बसायला जे बळ लागते ते तिने कलकत्त्यात नव्याने मिळवले असे मानण्यापेक्षा, सोलापुरातून उठून मुंबईच्या स्टुडिओंत उपाशी पोटी उभे राहण्याच्या दिवसांपासून ते तिच्यापाशी होते, असे मानणे अधिक न्यायाचे वाटते.

अशी गफलत आपल्याकडून पूर्वीही झाली आहे. मग्दालिया मरियेतून सात भुते निघाली, एवढेच शुभवर्तमान सांगते. इ. स. ५९१ मध्ये पोप थोर ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या निनावी पापी स्त्रीला एकच मानले, आणि पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत ती पुढे हजार वर्षांहून अधिक काळ पश्चात्तापी वेश्या म्हणून चित्रांत, नाटकांत, प्रवचनांत वावरली. पुनरुत्थित प्रभूला प्रथम भेटलेली आणि शिष्यांना वार्ता सांगायला धावलेली स्त्री हे तिचे खरे रूप मागे पडले. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा देण्यात आला. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मदर तेरेसांना संतपद मिळाले. स्त्रीवर एकदा चिकटवलेली खूण काढायला किती शतके लागतात, हे आपल्याला त्या उदाहरणावरून कळायला हवे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या धर्मग्रामांतल्या युवामेळाव्यांत बोधप्रद चित्रपट दाखवण्याची पद्धत आहे. एखाद्या वेळी तिथे ‘गुमराह’ दाखवावा. आईवडिलांनाही बोलवावे. चित्रपट संपल्यावर मीनेच्या चुकीवर चर्चा होईलच. ती होऊ द्यावी. मग मुलींना विचारावे, की मिस रॉबर्ट्सला मालकाने हे काम सांगितले तेव्हा तिला काय वाटले असेल, ते काम करून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टंकयंत्रापुढे कशी बसली असेल, आणि महिन्याच्या शेवटी तिच्या पगारावर किती माणसे जेवली असतील. मुली काय उत्तरे देतात ती वडीलधाऱ्यांनी मध्ये न बोलता ऐकून घ्यावीत.